आधी चहा, मग नाव

मंगळूर, ४ मार्च १९९७

आदरणीय वारिजक्का,

सप्रेम नमस्कार.

आपली गाठभेट नाही आणि मी कालपासून तुमच्या खुर्चीत बसलोय, तेव्हा आधी बसायची परवानगी मागतो. मी सिद्धलिंग हंचिनाळ, आपल्याच फर्मच्या धारवाड ऑफिसातला. तुम्ही लेकीच्या मोडलेल्या पायासाठी धारवाडला माझ्या टेबलावर, आणि मी बायकोच्या बँकेच्या ट्रेनिंगपायी मंगळुरात तुमच्या टेबलावर. राव सरांचा नियमच आहे ना, वकील गावाला गेला तरी काम गावाला जाता कामा नये. जाल तिथल्या ऑफिसातली रिकामी खुर्ची पकडा. "हंचिनाळ, खुर्ची वारिजक्कांची आहे, जपून बसा," एवढंच त्यांनी मला बजावलं. मी जपूनच बसतो, पण ती कुरकुरते.

एसटीडीला राव सरांनी कुलूप घातलंय, किल्ली त्यांच्या खिशात. म्हणून हे पत्र धारवाडच्या फायलींच्या पिशवीत घालून रात्रीच्या बसने पाठवतोय. तुमच्या लेकीचा पाय कसा आहे? माझ्या टेबलाचा डावा खण अडकतो, त्याला खालून गुडघा मारा.

तुमच्या खणात आवळ्याची बरणी सापडली. विचारल्याशिवाय खाणार नाही. एकच खाल्ला. राव सरांसाठी धारवाडी पेढ्यांचा मोठा पुडा आणलाय, उद्या नेऊन देतो. इथे उकडतं फार, आणि जोंधळ्याचं पीठ मागितलं की दुकानदार माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतो.

आपला,
सिद्धलिंग हंचिनाळ

---

धारवाड, ७ मार्च

हंचिनाळ,

नमस्कार. आवळे मोजून ठेवलेले नव्हते, तेव्हा 'एकच' यावर विश्वास ठेवणं भाग आहे.

विनयाचा पाय प्लास्टरमध्ये आहे. हॉस्टेलच्या जिन्यावरून पडली, मैत्रिणीशी बोलण्याच्या नादात. आता ती पलंगावर आणि मी तिच्या तैनातीला; मधले चार तास तुमच्या ऑफिसात येऊन बसते. गुडघा मारून मारून माझाच पाय मोडायची वेळ आलीय, आज सुतार बोलावला.

तुमची माणसं गोड आहेत, पण काय हो ही पद्धत! माणूस येतो, त्याला चहा दिला जातो. मग तो पाऊस, जोंधळा, जावई, गुडघेदुखी सगळं सांगतो. अर्ध्या तासाने कळतं की त्याचं नाव काय आणि तो कशाला आलाय. नमनाला घडाभर तेल! आमच्याकडे माणसाने उंबऱ्यावर पाय ठेवला की पहिला प्रश्न: कुठल्या घरचे? घराचं नाव कळलं की निम्मी केस कळते.

माझ्या फायलींना हात लावायचा नाही, फक्त तारखा लिहून घ्यायच्या. एक केस मात्र लक्षात ठेवा. पडुबेट्टु घराच्या वाटणीचा दावा. कल्याणी शेडती (शेट्टी घरातल्या बाईला आमच्याकडे शेडती म्हणतात) माझी अशील, तिच्या सख्ख्या भावाविरुद्ध. कल्याणक्का त्या घरात राहते, आणि घराच्या दैवताच्या खोलीची किल्ली भाऊ घेऊन बसलाय. सात वर्षं खोलीला कुलूप, दैवतापुढे दिवा नाही, वर्षाचा कोला, म्हणजे दैवत अंगात येतं तो उत्सव, नाही. २७ तारखेला कोर्टाचा कमिशनर येऊन घरात वाटणीची रेघ मारणार. त्या दिवशी मी स्वतः येईन. कोणी काही विचारलं तर तुम्हाला काही माहीत नाही.

पेढे राव सरांना पोचले का? ते गोडाच्या बाबतीत लहान मुलासारखे आहेत.

वारिजा रै

---

मंगळूर, ११ मार्च

आदरणीय अक्का,

तुमची आज्ञा पाळतोय. फायलींना हात नाही, तारखा लिहिल्यात.

आमच्या पद्धतीवर तुम्ही रागावलात, पण मी तिचा वकील आहे. आमच्याकडे आधी चहा, मग दुःख, मग नाव. नाव आधी विचारलं की माणूस नावाला शोभेल असंच बोलतो. इथे तुमच्या टेबलावर बसून मी ती पद्धत चालू ठेवली, त्याचं फळही मिळालं. ऐका.

मी आलो त्याच आठवड्यात दुपारी एक गृहस्थ तरातरा आले. साठीचे, पांढरं धोतर, चेहरा तापलेला. टेबलापाशी येऊन थबकले, मला बघून म्हणाले, "तुम्ही कोण?" म्हटलं, "धारवाडचा. बसा, चहा घ्या." ते बसले. अर्धा चहा प्याले. मग म्हणाले, "घराची वाटणी चाललीय हो. बहिणीशी." आणि एकदम डोळे पुसायला लागले.

त्यानंतर ते रोज दुपारी येतात. नाव मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. बहीण बोलत नाही म्हणतात, वर्षानुवर्षं. आई गेली तेव्हा दोघांनी दोन बाजूंनी मडकं धरलं होतं, तेवढंच काय ते शेवटचं एकत्र. कोर्टाची रेघ घरातून जाणार, ती दैवतालाही अर्धं करणार का, असं मला विचारत होते. मी सांगितलं, "अहो, देवाच्या खोलीची वाटणी करू नका, ती सामाईक ठेवा असा साधा अर्ज करता येतो, तुमच्या वकिलाला सांगा. पण त्याआधी बहिणीकडे जा. वकिलांना मधे घालू नका. ती खोलीची किल्ली गळ्यात मिरवण्यापेक्षा तिच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवा." ते म्हणाले, "बहिणीची वकील फार खमकी आहे हो." मी म्हटलं, "असेना! वकिलाला कशाला भिता, ती काय तुम्हाला खाणार आहे?" तर इतके हसले, इतके हसले की चहा सांडला. का हसले ते कळलं नाही.

वाटणीचे दावे मी खूप पाहिलेत, अक्का. जिंकलेल्या बाजूलाही घरात पुन्हा हसताना पाहिलं नाही. म्हणून मनापासून बोललो.

पेढ्यांचं पुढच्या पत्रात.

आपला,
सिद्धलिंग

---

धारवाड, १२ मार्च

हंचिनाळ,

हे पत्र उघडाल तेव्हा दार लावून घ्या आणि उभे असाल तर खाली बसा.

गळ्यात काळ्या दोऱ्यात पितळी किल्ली होती ना? डाव्या कानात जाड बाळी? तो संकप्प शेट्टी. कल्याणक्काचा भाऊ. पडुबेट्टु दाव्यातला प्रतिवादी! माझ्या टेबलावर, माझ्या खुर्चीत बसून, माझ्याच अशिलाच्या विरोधकाला तुम्ही आठवडाभर चहा पाजलात आणि आमच्याविरुद्ध कुठला अर्ज करायचा तेही शिकवलंत!

सकाळी बूथवरून दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा तुम्ही कोर्टात. निरोप ठेवून काय सांगणार, सगळं ऑफिस ऐकतं.

दुसऱ्या वकिलाच्या पक्षकाराशी त्याच्या पाठीमागे केसबद्दल बोलायचं नसतं, हे पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं. त्याचे वकील बॉनिफेस तावरो यांनी तक्रार केली तर तुमची सनद पणाला लागेल. ते तुमचं तुम्ही बघा. माझा जीव दुसऱ्याच गोष्टीने कासावीस झालाय. आपल्या फर्मने दोन्ही बाजूंना सल्ला दिला असं ठरलं की मला वकीलपत्र सोडावं लागेल. २७ तारीख तोंडावर आहे. नवा वकील फाइल उघडून वाचेपर्यंत कमिशनर रेघ मारून जाईल आणि कल्याणक्का त्या घरात एकटी उभी राहील. सात वर्षं ती माझ्या भरवशावर आहे. तिला वाटेल वारिजाने आपल्याला विकलं.

आणि त्याला तिच्या घरी जायला सांगितलंत? मागच्या खेपेस तो फाटकात आला तेव्हा ती सुपारी सोलायचा कोयता घेऊन धावली होती. मला बजावून ठेवलंय तिने, "त्या माणसाचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही." मी आजतागायत काढलेलं नाही.

आता एवढंच करा. तावरोंना आजच सगळं खरं लिहून कळवा, काही हातचं राखू नका. संकप्प आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. चहा नाही!

मी इथून हलू शकत नाही, वीस तारखेला विनयाचं प्लास्टर निघायचंय. कल्याणक्काला मी आजच सविस्तर लिहितेय.

वारिजा

---

मंगळूर, १५ मार्च

आदरणीय अक्का,

तुमचं पत्र दार लावूनच वाचलं. किल्लीचं तुम्ही आधीच लिहिलं होतं, तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही; तारीख उतरवून मी ते पत्र खणात टाकलं होतं. माझ्या बायकोने, नीलांबिकाने, मला दोन दिवस विचारलं, जेवण का जात नाही. शेवटी सांगितलं तर म्हणाली, "नाव विचारायला काय पैसे पडतात?" सगळं जग एका बाजूला झालंय.

तावरोंना लिहून कळवलं. एक शब्द लपवला नाही. माझ्या चुकीपायी तुम्हाला आणि त्या बाईंना त्रास झाला, याची मला मनापासून लाज वाटते. सनद गेली तर गावी जाऊन शेती करेन, पण तुमचं वकीलपत्र जाता कामा नये. तुमचा या प्रकाराशी संबंध नाही असं मी त्या पत्रात दोनदा लिहिलंय.

संकप्प शेट्टी तुमचं पत्र पोचायच्या आदल्या दिवशी शेवटचे आले होते. उठताना म्हणाले, "रविवारी जाऊन येतो." कुठे ते तेव्हा विचारलं नाही. आता विचारायची सोय नाही, कारण त्यांच्याशी बोलायचं नाही. उद्या रविवार. अक्का, मी काय करू? फाटकात जाऊन उभा राहिलो तर आगीतून फुफाट्यात. घरी बसलो तर कोयता दिसतो.

पेढ्यांचा विषय सध्या बाजूला ठेवू या. राव सर मात्र दोनदा विचारून गेले.

सिद्धलिंग

---

धारवाड, १७ मार्च

हंचिनाळ,

तुम्ही फाटकात गेला नाहीत अशी आशा करते.

कल्याणक्काचं उत्तर नाही. तिच्या गावच्या सोसायटीत फोन आहे, तिथल्या माणसाला निरोप दिला की तिला बोलावून आण. तो म्हणाला, "अक्का घरी नाहीत, दार ओढलेलं आहे." सात वर्षांत ती घर सोडून कुठे गेलेली मला माहीत नाही. बाजारालासुद्धा शेजारणीला बसवून जाते, भाऊ येऊन घुसेल म्हणून.

तुम्हाला फार टाकून बोलले. चूक तुमची आहेच, पण तुम्ही ती तावरोंपुढे स्वतःहून मांडलीत. आपल्यातले पुष्कळ जण फाइल खाली सरकवून गप्प बसले असते. सनदेची भीती तुम्हालाही आहे हे मी त्या दिवशी विसरले.

तुमच्या ऑफिसातले लोक मला आता चहा देताना घाबरतात. विनया म्हणते, "अम्मा, तू नुसती भिंतीकडे बघत बसतेस." खरं आहे. सारखं एकच डोळ्यांपुढे येतं: फाटक, किल्ली आणि कोयता. काही कळलं तर राव सरांचं कुलूप तोडा, पण कळवा.

वारिजा

---

मंगळूर, १९ मार्च

अक्का, अक्का!

कुलूप तोडलं नाही, राव सरांनी स्वतः किल्ली काढून दिली. पण तुमच्या बूथवाल्याने 'रै' नावाच्या कुणालाही ओळखायला नकार दिला. म्हणून हे बसने.

सगळं ठीक आहे. आधी हे वाचून एक श्वास घ्या, मग पुढचं वाचा.

काल सकाळी बॉनिफेस तावरो स्वतः आपल्या ऑफिसात आले. मी उठून उभा राहिलो. त्यांनी माझं पत्र टेबलावर ठेवलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चार वर्षं मी या संकप्पाला हेच सांगतोय, की बाबा, बहिणीकडे जा. तो म्हणतो, तुम्ही फी घेता म्हणून गोड बोलता. तुम्ही फुकट सांगितलंत म्हणून पटलं त्याला. माझी तक्रार नाही. हवं तर लिहून देतो." आणि खरंच तिथेच बसून लिहून दिलं. मग म्हणाले, "पण तरुण माणसा, पुढच्या वेळी नाव विचार." मी म्हटलं, "हो." त्यांना चहा दिला. त्यांचं नाव माहीत होतं!

ते जिन्यातून उतरतात न उतरतात तोच एक बाई वर आल्या. उंच, कपाळावर मोठं कुंकू, हातात कापडी पिशवी. माझ्यापुढे उभ्या राहून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तूच का रे तो चहावाला वकील?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी पिशवीतून तुमचं पत्र काढलं. म्हणाल्या, "ही वारिजा लिहिते, वकीलपत्र सोडते, मला क्षमा कर. तिला कळव, काही सोडायचं नाही. आता तडजोड लिहायची आहे, ती कोण लिहिणार? तिचा बाप?" क्षमा करा, त्यांचेच शब्द आहेत.

दोन दिवस त्या घरी नव्हत्या कारण भावाकडे राहायला गेल्या होत्या, वहिनीच्या हातचं जेवायला. दार नुसतं ओढून!

अक्का, तुमच्या टेबलावर बसून मी रडलो. लाज वाटली नाही.

तुमचा,
सिद्धलिंग

---

मंगळूर, १७ एप्रिल

प्रिय सिद्धलिंग,

आता तुम्ही तुमच्या टेबलावर, मी माझ्या. तुमचा खण सुताराने सरळ करून दिला तसा मी इथला आवळ्याचा हिशेब सरळ करून घेतला. बरणीत तळाला मीठ आहे, दुसरं काही नाही.

तुमचं ते पत्र मी धारवाडला जिन्यातच वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तो पडलेला आवाज मला ऐकू आला. विनया कुबड्या घेऊन आतून ओरडत होती, "अम्मा, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही झालं गं. काहीच नाही झालं!" इतका आनंद मला आजवर कुठला दावा जिंकूनही झाला नव्हता.

त्या रविवारी काय घडलं ते कल्याणक्काने मला सांगितलं, ते तुम्हाला कळायलाच हवं. संकप्प फाटकात आला. आत पाऊल टाकलं नाही. गळ्यातली किल्ली काढली, उंबऱ्यापर्यंत चालत आला, ठेवली आणि मागे जाऊन उन्हात उभा राहिला. ही अंगणात सुपारी सोलत होती, हातात कोयता होताच. म्हणते, "मी ओरडणारच होते गं. पण दारात आलेल्या माणसाला गूळपाणी दिल्याशिवाय कसं ओरडायचं? म्हणून आधी आत गेले, गुळाचा खडा आणि तांब्या आणला. त्याने तोंड धुतलं, गूळ चावला, पाणी प्याला. मग ओरडायचं राहूनच गेलं." पुढे दोघं पडवीत बसून संध्याकाळपर्यंत आईबद्दल बोलत होती.

मी तिला म्हटलं, "अक्का, एकदा तरी मला सांगायचंस, मी केव्हाच बोलणी लावली असती." तर माझ्यावरच उखडली. "मी तुला म्हटलं त्याचं नाव काढू नको, आणि तू खरंच काढलं नाहीस! सात वर्षं! इतकी कशी गं तू आज्ञाधारक?"

२७ तारखेला कमिशनर टेप घेऊन आला तो तसाच गेला. तावरोंनी आणि मी मिळून तडजोडनामा कोर्टात दिला. घर कल्याणक्काचं, सुपारीची बाग संकप्पाची, आणि दैवताची खोली कुणाचीच नाही आणि दोघांचीही. तुम्ही त्याला शिकवलेलाच अर्ज, फक्त दोन्ही बाजूंच्या सह्यांनी. किल्ली दोघांपैकी कोणाकडे राहावी यावर पुन्हा भांडण व्हायची चिन्हं होती, म्हणून शेवटी कुलूपच काढून टाकलं.

बिसूच्या, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या सणानंतर काल पडुबेट्टुला कोला झाला. मी गेले होते. भाऊ आणि बहीण खोलीपुढे शेजारी शेजारी हात जोडून उभे. दैवत अंगात येऊन विचारतं ना, घर एक आहे का म्हणून, तेव्हा दोघं एकदम "हो" म्हणाली, आणि कोण आधी म्हणालं यावर लगेच एकमेकांकडे डोळे वटारून बघितलं. हसू आवरत नव्हतं. मग हसतच माझे डोळे भरले.

जेवणाच्या पंगतीआधी कल्याणक्काने देवापुढचा नैवेद्य वाटला. माझ्या हातावर एक तपकिरी, साखरेत घोळलेला पेढा आला. कडक झालेला. तो पुडा ती महिनाभर दैवताच्या नावाने जपून ठेवून होती. त्यावर धारवाडच्या दुकानाचं नाव. राव सर माझ्या शेजारीच होते. त्यांनी पुड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी नारळाच्या झाडाकडे बघत राहिले. "बहिणीकडे रिकाम्या हाताने जाऊ नका," असं सांगून तुम्हीच तो संकप्पाच्या हातात कोंबला होतात, हे त्याने मला नंतर सांगितलं. बरं केलंत. राव सरांना नवा पुडा पाठवा, आणि त्यात खुलाशाची चिठ्ठी नको.

पण मला एक गोष्ट छळत होती. पंगतीत संकप्प वाढत होता, त्याला हळूच विचारलं, "संकप्पण्णा, टेबल माझं आहे हे तुम्हाला माहीत होतं. पाटी आहे माझ्या नावाची. मग रोज तिथे का येत होतात?"

तो भाताचं पातेलं खाली ठेवून बसला. म्हणाला, "पहिल्या दिवशी तुझ्याशी भांडायलाच आलो होतो, वारिजक्का. घराची फाळणी करतेस म्हणून चार शब्द सुनावायला. तर तिथे हा. आता बघ, मंगळुरातल्या कुठल्याही वकिलापुढे मी उभा राहिलो की त्याला आधी कळतं, हा पडुबेट्टुचा संकप्प, हा बहिणीविरुद्ध लढतो. नातेवाईकांना तेच कळतं, भटजीला तेच कळतं. सात वर्षांत हा एकच माणूस भेटला ज्याला मी कोणाच्या विरुद्ध आहे ते माहीत नव्हतं. त्याच्यापुढे मी नुसता एका बहिणीचा भाऊ होतो. म्हणून यायचो."

त्याने माझ्या पानात अजून भात वाढला, नको म्हणत असताना.

आज ऑफिसात आल्यावर तुमच्या पद्धतीचा विचार केला. उद्यापासून माझ्या टेबलावर आधी चहा. पण नाव मी दुसऱ्या घोटाला विचारणार, एवढी तडजोड तुम्हीही करायला हवी.

तुमची थोरली बहीण,
वारिजा